आक्कानं उघडून ठेवलेलं इंजिन

आक्का गेली असा गुलबर्ग्याहून फोन आला, तेव्हा मी चिटगुप्प्याच्या आमच्या गॅरेजात तिनंच उघडलेल्या इंजिनासमोर उभी होते. हातात डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश होता. वरचं झाकण काढलेलं, चेन काढून परातीत ठेवलेली, कॅमचं चाक फडक्यात गुंडाळलेलं. त्याच सकाळी डोकं ठणकायलंय म्हणून दाखवायला ती नवऱ्याबरोबर, अण्णांबरोबर तिकडं गेली होती. जीपमध्ये बसता बसता मला ओरडून सांगत होती, "विमल, झाकून ठिव गं ते इंजिन. आत धूळ गेली तर आल्यावर तुझीच धूळ झाडीन!" हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मेंदूतली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. फोनवर अण्णा होते. "विमल... गेली गं ती..." एवढंच म्हणाले आणि फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला. मी ब्रश ठेवला, कपाटातलं धुतलेलं धडपं काढलं आणि इंजिन झाकलं. रडू त्यानंतर आलं.

आता तेरावा होऊन काही आठवडे झाले. मध्यंतरी गावात शोकसभा झाली, हार झाले, भाषणं झाली. एकानं म्हटलं, त्या फार शांत स्वभावाच्या होत्या. दुसऱ्यानं म्हटलं, कधी कुणाला दुखावलं नाही. तिसरा तर म्हणाला, बाई असूनही त्यांनी गॅरेज चालवलं. मी मागं बसून दात-ओठ खात होते. शांत? आमची आक्का, कलावती, शांत? अहो, तिचा आवाज बसस्टँडपर्यंत ऐकू जायचा! आणि ते 'असूनही' तर मला अजून टोचतंय. माणूस मेलं की लोक त्याला साखरेच्या पाकात घोळतात, आणि मग ते माणूस आपलं राहत नाही, फोटोतलं होतं. मला ते मंजूर नाही. मी तिची धाकटी जाऊ. एका घरात, एका चुलीवर आणि पुढं एका गॅरेजात मी तिच्याबरोबर आयुष्य काढलं. ती कशी होती ते मी सांगणार. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं, मी 'आक्का'. माहेर मादन हिप्परग्याचं, शेतकऱ्याघरचं. मराठी, कन्नड आणि आपली हैदराबादी उर्दू, तिन्ही भाषांत सारख्याच जोरात भांडायची. गॅरेज मूळचं अण्णांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, माझ्या थोरल्या दिरांचं. जीप आणि ट्रॅक्टर यांत अण्णांचा हात धरणारा जवळपास कुणी नव्हता. आक्का तेव्हा दुपारचा डबा घेऊन यायची आणि स्पेअरच्या डब्या लावून ठेवायची. मग नव्या पेट्रोल गाड्या यायला लागल्या. त्यांच्या काचेखाली पिवळा दिवा लागायचा, इंजिनाचं चित्र असलेला. दिवा लागला की गाडीवाला घाबरून अण्णांकडं. अण्णा बॉनेट उघडायचे, कॅमजवळ बसवलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हचं वायरचं सॉकेट ओढून काढायचे आणि म्हणायचे, "दिव्याकडं बघू नगं. चालतंय की." गाडी चालायची, हे खरं. पण महिन्याभरात तोच माणूस परत. चढाला ओढत न्हाई, पेट्रोल लई पितंय.

एकदा आक्का डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "ते काढून बी चालतंय, तर कंपनीनं कामून लावलंय?"

अण्णा म्हणाले, "कंपनीला काय, शोभंला लावतीय."

"शोभंला लावायला ते काय डोरलं हाय व्हय?" असं म्हणून ती निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून कॅमचं एक जुनं चाक उचलून आणलं. लेथवाल्याकडं नेऊन मधोमध कापून घेतलं. ते दोन तुकडे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडून ती आणि मी बघत बसलो. बाजूला भाकरी करपली, ती अण्णांनी निमूट खाल्ली.

त्या चाकात काय असतं, ते तिच्याच पद्धतीनं सांगते. इंजिनाला श्वास आत घ्यायला आणि बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे वरचा कॅमचा दांडा ठरवतो आणि त्या दांड्याला खालच्या क्रँकशी चेन बांधून ठेवते. जुन्या गाड्यांत ही वेळ एकदा ठरली की ठरली. गाडी उभी राहून गुरगुरू दे नाहीतर हमनाबादच्या रस्त्यानं पळू दे, वेळ तीच. नव्या गाडीत कॅमच्या टोकाला जे चाक असतं, त्याच्या पोटात आणखी एक पाकळ्यांचं चाक असतं. पाकळ्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे कप्पे. त्या कप्प्यांत इंजिनाचं ऑइल दाबानं शिरतं. एका बाजूनं शिरलं की आतलं चाक, आणि त्याच्याबरोबर कॅम, जरासा पुढं सरकतो. दुसऱ्या बाजूनं शिरलं की मागं. ऑइल कोणत्या बाजूला सोडायचं हे तो छोटा विजेवरचा व्हॉल्व्ह ठरवतो, ज्याचं सॉकेट अण्णा ओढून काढत होते, आणि त्याला हुकूम देतो गाडीतला कॉम्प्युटर. म्हणजे व्हॉल्व्हची वेळ गाडीच्या चालीप्रमाणं पुढंमागं होते. सॉकेट काढलं की चाक एकाच जागी अडकून बसतं.

"चालायचा दम येगळा, पळायचा येगळा," आक्का म्हणायची. "पळत्या माणसाला चालायच्या दमानं श्वास घे म्हणलं तर मरंल की ते!"

हे नीट शिकायला ती गुलबर्ग्याला एका खाजगी क्लासला गेली. लेक सासरी गेलेली, वय चाळिशीच्या पुढं. तिथले सर चांगले होते, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, बाई, तुमची शिकायची वेळ निघून गेली. आक्कानं परत येऊन मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. "मी म्हणलं, सर, तुम्ही जी गाडी शिकवायलात ती चालता चालता येळ बदलतीय. लोखंडाला जमतंय ते मला कामून जमंना?" सरांनी हात जोडले आणि नाव घातलं. हा 'येळे'चा विषय तिचा फार दुखरा होता. लग्नाची येळ, लेकरांची येळ, मग जावयाचं करायची येळ, मग गुडघे धरून बसायची येळ... सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. एका मोठ्या सणाला घरात पाहुणे असताना एक चुलत सासू म्हणाली, या वयात ऑइलात हात घालतीस, शोभतं का? आक्कानं तिच्या ताटात पुरणपोळी वाढली आणि त्याच हातानं तिच्या तोंडापुढं काळी नखं नाचवून म्हणाली, "शोभलं तर खावा, न्हाई तर ठिवा." चुलत सासूनं खाल्ली.

हळूहळू पेट्रोल गाड्या तिच्याकडं आणि ट्रॅक्टर-जीप अण्णांकडं अशी आपोआप वाटणी झाली. वायरिंग मी करायला लागले. माझे मालक पुण्याला कंपनीत, घरी बसून मी तरी काय करणार होते? आक्कानं मला हाताखाली घेतलं, पण लाडानं नाही. सूत सुटणारं फडकं ऑइलच्या वाटेजवळ दिसलं की ती अंगावर धावून यायची. त्या छोट्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, एक धागा अडकला तरी चाकाला ऑइल मिळत नाही. शिकवताना तिनं कधी एक ओळ लिहून दिली नाही. "लिवलं की इसरतंय माणूस," म्हणायची. एकच गोष्ट शंभरदा माझ्याकडून वदवून घ्यायची, आणि चुकलं की माहेरचा उद्धार. चहा मात्र भयंकर करायची. तो पिऊन गिऱ्हाईक लवकर उठायचं, हा त्यातला फायदा.

आणि आमच्या भागातली एक खास खोड होती, तिच्याशी ती शेवटपर्यंत भांडली. इथं ज्याच्याकडं गाडी त्याच्याकडं ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की डब्यात थोडं उरतं. ते टाकवत नाही. मग ते गाडीत ओततात. घट्ट ऑइल, गाडीला ताकद येते, असा समज. दुभत्या म्हशीला पेंड वाढवावी तसं प्रेमानं घालतात हो! पण या नव्या चाकाच्या कप्प्यांत शिरायला ऑइल पातळ लागतं. घट्ट ऑइल वेळेवर पोचत नाही, सकाळी तर मुळीच नाही. तुरीचे आडते शरणप्पा यांनी नेमकं हेच केलं होतं, आणि एकदा नाही, दरवेळी. त्यांची गाडी सकाळी सुरू करताना कडकड वाजायची आणि पिवळा दिवा जळायचा. आक्कानं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "गाडीची येळ चुकायलीय." शरणप्पा कन्नड बोलणारे. त्यांना 'येळ' ऐकू आलं ते 'एळु', म्हणजे कन्नडातलं सात. ते गोंधळून म्हणाले, "नाल्कु सिलिंडर गाडी, बाई. एळु एल्लिंद बंतु?" चार सिलिंडरच्या गाडीत सात आले कुठून! आक्का बॉनेटवर डोकं टेकून हसली. मग कन्नडात समजावलं, आणि ट्रॅक्टरच्या ऑइलबद्दल कन्नडातच शिव्या दिल्या. शरणप्पांनी त्या मान खाली घालून ऐकल्या, आणि बाहेर अण्णांना म्हणाले, तुमची मंडळी लई कडक. अण्णा म्हणाले, मला सांगायलाव व्हय?

हीच ती गाडी. आक्कानं इंजिन उघडलं तेव्हा चेन लांबलेली निघाली. गाडी बंद असताना चाकाला जागेवर धरून ठेवणारी आतली छोटी पिन झिजलेली, आणि जाळी काळ्या गाळानं बुजलेली. नवी चेन आणि नवं चाक तिनं हैदराबादहून मागवलं, आणि ते यायच्या आत ती गेली.

पार्सल आलं ते सुतकात. पोऱ्या दारात येऊन विचारतो, कलावतीबाई कोण? ओसरीवर बसलेल्या बायका हमसून रडायला लागल्या. मी उठले, सही केली, आणि खोकं घेऊन सरळ गॅरेजकडं निघाले. अण्णा मागून आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"काय करायलीस विमल?"

"बसवायलीय."

"डोकं फिरलंय तुजं? तेरावा होऊ दे. मग गाडी गुलबर्ग्याला धाडू, आन् शटर ओढू. मला न्हाई बगवत आता हितं."

मला कळत होतं त्यांचं दुःख. मलाही बघवत नव्हतं. पण गावात बोलणं सुरू झालं होतं, माझ्या कानावर आलं होतं. बाईनं गाडी खोलली, तिला जमेना, त्याच्याच टेन्शननं गेली म्हणे! दोर बांधून ओढत ते उघडं इंजिन चिटगुप्प्याच्या बाजारातून गेलं असतं, तर हे बोलणं कायमचं खरं ठरलं असतं. तिनं उभ्या आयुष्यात कमावलं काय तर तिनं उघडलेलं इंजिन नीट मिटतं, हा शब्द. तो मी जाऊ देणार नव्हते. मी अण्णांना म्हटलं, "तिची गाडी दुसऱ्याच्या दारात जाणार न्हाई. तुमी शटर ओढा, मी आतून काम करते."

ओसरीवरून मागं आलेली चुलत सासू ओरडली, सुतकात हात काळे करतीस का गं? मी म्हटलं, ती गेली तवा तिचे बी काळेच होते.

आता या कामातला धोका सांगते, म्हणजे मी कामून इतकं जपून करत होते ते कळेल. चेन एक दाता जरी चुकीची बसली तरी व्हॉल्व्ह नको त्या वेळी खाली येतो आणि वर येणारा पिस्टन त्याला ठोकतो. व्हॉल्व्ह वाकतो, इंजिन गेलं. म्हणून क्रँकच्या चाकावर खूण असते, कॅमच्या चाकांवर खुणा असतात, आणि चेनच्या काही कड्या रंगीत असतात. रंगीत कडी खुणेवर ठेवून चेन चढवायची. मी जाळी धुतली. नवं चाक त्याच्या मूळच्या जागी पिनेनं अडकलेलं आहे ना ते हातानं फिरवून पाहिलं. कॅमला पान्यानं धरून मधला बोल्ट आवळला. कड्या खुणांवर ठेवल्या, चेन चढवली, ताण देणारा पिस्टन बसवला. घाम नाकावरून टपकत होता, तो आत पडू नये म्हणून मी दर थोड्या वेळानं मागं सरत होते. अण्णा दारात स्टूल टाकून पाठ करून बसले होते.

मग आक्काचा नियम. किल्ली मारायच्या आधी क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कुठं अडलं तर जोर करायचा नाही. मी फिरवला. अडलं नाही. फेरे पूर्ण झाले आणि अण्णा कधी उठून माझ्या खांद्यामागं आले ते कळलंच नाही. त्यांनी चेनकडं बोट दाखवलं.

"चुकलंय."

मी बघितलं तर खरंच, रंगीत कड्या खुणांवर नव्हत्या. एक तर पार भलतीकडंच गेली होती. अण्णा म्हणाले, "सोड. काढ सगळं. ऱ्हाऊ दे गाडी." मी पाना उचलला, बोल्टला लावलासुद्धा... आणि कानात तिचा आवाज आला. गोड बिड नाही, तोच नेहमीचा, खेकसणारा. हेच माझ्याकडून तिनं शंभरदा वदवून घेतलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, अण्णांना आणि मलाही, "रंगीत कडी फकस्त चढवायच्या येळंला बगायची. चेन फिरली की कडी पुढं जातीय. चाकाच्या खुणा बगायच्या, अण्णा. कडी न्हाई!"

अण्णांनी चष्मा लावला. वाकले. क्रँकची खूण बघितली, एका कॅमची बघितली, दुसऱ्याची बघितली. तिन्ही जागच्या जागी होत्या. मग हळूच म्हणाले, "हे तिनं मला कदी सांगितलं न्हाई." मी म्हटलं, "तुमी कदी इचारलं व्हतं?" ते रडले. मीही रडले, सुतक सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मोकळं.

झाकण लावलं, पातळ ऑइल भरलं, गाडी सुरू झाली. पण सुरू झाली म्हणजे काम झालं, असं आक्का मानत नसे. गरम इंजिन खोटं बोलतं, म्हणायची. नव्या चाकाची खरी परीक्षा सकाळी, रात्रभर गार पडलेलं इंजिन पहिल्यांदा फिरवताना. ती कडकड तेव्हाच ऐकू येते. म्हणून असं काम केलेली गाडी ती रात्रभर मुक्कामाला ठेवूनच घ्यायची, मालक कितीही मोठा असो. सकाळी अण्णा आंघोळ करून आले आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी किल्ली दिली. त्यांनी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं, कडकड नाही, काही नाही, आणि पिवळा दिवा पेटून विझला तो विझलाच. शरणप्पा तेराव्याला आले ते त्याच गाडीतून. बाजारातून, सगळ्यांच्या देखत. आणि जे जे बोलले होते, त्यांची तोंडं मी एकेक करून बघितली.

शटर ओढलं गेलं नाही. गॅरेजच्या बोर्डावर तिचंही नाव आहे. त्याआधी 'कै.' लिहून घ्या म्हणून पेंटर येऊन गेला, त्याला मी चहा पाजून परत पाठवला. आता पेट्रोल गाड्या माझ्याकडं. अण्णा अजून ट्रॅक्टरच बघतात, पण चेनचं काम असलं की येऊन वाकून खुणा बघतात.

परवा आळंदकडची एक गाडी आली, हेच काम. संध्याकाळी बसवून झालं. मालकाला घाई, कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, सकाळी गार इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय गाडी मिळणार नाही. तो चिडला. इकडं तिकडं बघून, आवाज मऊ करून अण्णांना म्हणाला, "काय अण्णा, बाई असत्या तर आत्ता दिली असती बघा गाडी. लई मायाळू व्हत्या."

अण्णा ट्रॅक्टरखाली होते. तिथून बाहेर सरकले, उभे राहिले, हात पुसले.

"बाई असती तर तुला आईबापासकट शिव्या घातल्या असत्या," ते म्हणाले. "बस तितं सकाळपर्यंत."

तो बसला.